आठ भागिले तीन

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. इतक्या उशिरा फोन वाजला की आमच्याकडे आधी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. मी धडपडत उचलला, तर पलीकडून रडवेला आवाज.

"मामा, लोखंडाचा ऑक्सिडेशन नंबर आठ भागिले तीन कसा येईल रे?"

हुश्श! कुणी पडलं-झडलं नव्हतं तर. भाची यंदा अकरावी सायन्सला आहे आणि रविवारी तिची क्लासची परीक्षा होती. आता केमिस्ट्रीसाठी मला फोन करणं म्हणजे जरा अतीच. मी जन्मभर लोकांचे हिशेब लिहीत आलो. पण ताई झोपली होती, भाओजी गावाला गेले होते, आणि मामा रात्री जागा असतो हे आमच्या सगळ्या गोतावळ्याला ठाऊक आहे.

तर गणित असं होतं. मॅग्नेटाइट, म्हणजे आपला लोहचुंबकाचा दगड. त्याच्या सूत्रात लोखंडाचे तीन अणू आणि ऑक्सिजनचे चार. ऑक्सिजनचा नंबर उणे दोन धरायचा, हा एक नियम. चार ऑक्सिजनचे मिळून झाले उणे आठ. सगळ्यांची बेरीज शून्य आली पाहिजे, हा दुसरा नियम. म्हणजे तीन लोखंडांच्या वाट्याला मिळून अधिक आठ. प्रत्येकी आठ भागिले तीन. पावणेतीनला जरा कमी.

"पण नंबर म्हणजे अणूने किती इलेक्ट्रॉन दिले ते, असं शिकवलंय. मग पावणेतीन इलेक्ट्रॉन कसे देणार? इलेक्ट्रॉनचे तुकडे होतात का?"

"मग क्लासात विचारलं नाहीस?"

"विचारलं ना. सर म्हणाले, सरासरी असते, पुढचं गणित घ्या. सगळे हसले."

"सगळे हसले" म्हणताना तिचा आवाज पुन्हा कापला, आणि मी एकदम पस्तीस वर्षं मागे गेलो. मीसुद्धा अकरावीत हाच प्रश्न विचारला होता. अगदी हाच, याच दगडाबद्दल. "उत्तर पुस्तकातल्याशी जुळतंय ना? मग लिही आणि बस खाली," असं मला सांगण्यात आलं. मी बसलो. पण त्या दिवशी मनाने घेतलं की हे शास्त्र आपल्या डोक्यापलीकडचं आहे, इतरांना कळतं ते आपल्याला कळत नाही. पुढच्या वर्षी मी कॉमर्सला गेलो. केमिस्ट्रीने मला टाकलं की मी तिला, याचा निकाल अजून लागलेला नाही.

भाचीला म्हटलं, "दोन दिवस दे. शोधून सांगतो." आणि खरंच शोधत बसलो. जे सापडलं त्याने मी इतका खूश झालो की ते इथे लिहिल्यावाचून राहवेना. कारण हा सगळा प्रकार माझ्याच धंद्यातला निघाला! ऑक्सिडेशन नंबर म्हणजे चक्क खतावणी आहे हो. आणि तिचा पहिला पाया ज्याने घातला, तोही पेशाने वसुलीवालाच.

आंत्वान लाव्हाझिए. जन्म १७४३, पॅरिस. सरकारचे कर वसूल करायचा मक्ता घेतलेली एक कंपनी होती, तिच्यात हे भागीदार. दिवसा करांचे हिशेब आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा. त्यांनी रसायनशास्त्रात आणलेली मोठी गोष्ट म्हणजे तराजू आणि ताळेबंद. क्रियेच्या आधी जेवढं वजन, तेवढंच नंतर भरलं पाहिजे. नाही भरलं तर कुठेतरी नोंद राहिली आहे, ती शोधा. लोखंड गंजलं की त्याचं वजन वाढतं. मग ही वाढ कुठून आली? हवेतून. हवेतल्या ज्या भागातून ती आली त्याला त्यांनी ऑक्सिजन असं नाव दिलं, आणि या जमाखर्चाला ऑक्सिडेशन.

गंमत म्हणजे हे नावच चुकलेलं आहे. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या 'ऑक्सिजन'चा अर्थ 'आम्ल तयार करणारा'. प्रत्येक आम्लात हा वायू असणारच, अशी लाव्हाझिएंची खात्री होती. पुढे १८१० मध्ये इंग्लंडच्या हम्फ्री डेव्हींनी दाखवलं की क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, म्हणजे मिठापासून निघणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा लवलेशही नाही. पण तोपर्यंत नाव रुळलेलं होतं. आपल्याकडचा 'प्राणवायू' त्या मानाने नशीबवान, तो काय करतो तेच त्याच्या नावात आहे.

डेव्हींचं म्हणणं ऐकायला लाव्हाझिए उरलेच नव्हते. ८ मे १७९४ ला फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांचा शिरच्छेद झाला. गुन्हा केमिस्ट्रीचा नव्हता, करवसुलीचा होता. आमच्या पेशाला लोकांचं प्रेम कधी लाभलेलं नाही, ते असं!

त्यापूर्वी १७८७ मध्ये लाव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांना नावं देण्याची नवी पद्धत छापली होती. ऑक्सिजन कमी असेल त्या आम्लाच्या नावाला एक शेपूट, जास्त असेल त्याला दुसरं. सल्फ्युरस आणि सल्फ्युरिक. हीच शेपटं पुढे धातूंना लागली. फेरस-फेरिक, क्युप्रस-क्युप्रिक. अकरावीत यांनी माझा किती छळ केला ते मलाच माहीत. कारण शेपूट फक्त कमी की जास्त एवढंच सांगतं, किती ते सांगत नाही. क्युप्रस म्हणजे एक आणि फेरस म्हणजे दोन, क्युप्रिक म्हणजे दोन आणि फेरिक म्हणजे तीन. मॅंगनीजसारख्याचं काय करायचं? त्याचे दोन, चार, सहा, सात असे कितीतरी अवतार आणि शेपटं दोनच.

आता त्या नियमांकडे येतो, जे भाची घोकत होती आणि मीही घोकले होते. हायड्रोजन अधिक एक, ऑक्सिजन उणे दोन, सुटं मूलद्रव्य शून्य, संयुगातली बेरीज शून्य. मला आजवर वाटायचं की आधी कुणीतरी अणू उघडून इलेक्ट्रॉन मोजले असतील आणि मग हे नियम केले असतील. तसं अजिबात नाही! अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात शिकवणाऱ्या ओटिस को जॉन्सन यांनी समीकरणं जुळवायची युक्ती म्हणून जवळजवळ हेच नियम १८८० मध्ये छापले. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. म्हणजे सतरा वर्षं आधी. इलेक्ट्रॉन नावाची वस्तू जगात कुणाला माहीत नसताना त्याच्या देण्याघेण्याची वही तयार होती, आणि तिच्यातले हिशेब जुळतही होते.

इथे मी वाचता वाचता थांबलो. अरे, मग हे नंबर अणूत कधी नव्हतेच! ते वहीत होते. कुणी ते अणूच्या पोटात शिरून पाहिलेले नाहीत, माणसांनी आपसात ठरवून लिहिले आहेत.

इलेक्ट्रॉन सापडल्यावर वहीतल्या रकान्यांना अर्थ मिळाला. ज्याने इलेक्ट्रॉन दिले त्याच्या नावापुढे अधिक, ज्याने घेतले त्याच्या नावापुढे उणे. (आमच्या पासबुकाच्या बरोबर उलट. याचं कारण बेंजामिन फ्रँकलिननी अठराव्या शतकात विजेच्या दोन बाजूंना अधिक-उणे अशी नावं दिली तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊक नव्हता, तो पुढे उणे बाजूला निघाला.) पण १९१६ मध्ये गिल्बर्ट लुईस यांनी सांगितलं की पुष्कळदा अणू इलेक्ट्रॉन देत-घेत नाहीतच, दोघांत मिळून वापरतात. मग वहीत काय लिहायचं?

यावरचा तोडगा खास आपल्याला कळण्यासारखा आहे. समजा दोन भावांच्या शेतात एक सामाईक विहीर आहे. पाणी दोघंही ओढतात. पण सातबाऱ्यावर नाव मात्र त्यातल्या वजनदार भावाचं. ऑक्सिडेशन नंबर म्हणजे हा सातबारा. दोन वेगळे अणू इलेक्ट्रॉनची जोडी मिळून वापरत असतील तर ज्याची ओढ जास्त, त्याच्या नावावर अख्खी जोडी लिहायची. ओढ कुणाची किती याचा तक्ता लायनस पॉलिंग यांनी १९३२ मध्ये केला आणि नंबर असे काढावेत ही सूचनाही पुढे त्यांनीच केली. दोन्ही अणू एकाच मूलद्रव्याचे असले तर जोडी निम्मी-निम्मी. म्हणूनच जखमेवर ओततात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजनचा नंबर उणे दोन न येता उणे एक येतो. तिथे दोन ऑक्सिजन एकमेकांचे हात धरून उभे असतात आणि भावाभावांत त्या जोडीची वाटणी सारखी होते.

गोबरगॅस घ्या. त्यातल्या मिथेनमध्ये कार्बनचा नंबर उणे चार. शेगडीत जळून त्याचा कार्बन डायऑक्साइड झाला की तोच कार्बन अधिक चार. दोन्हीकडे त्याला बंध चारच, संयुजा बदललेली नाही. पण वहीत आठ इलेक्ट्रॉनची उलाढाल झाली आणि तेवढ्यात आपला चहा उकळला. कार्बनने खरोखर आठ इलेक्ट्रॉन काढून दिले का? नाही. पण हिशेब तसा लिहिला की समीकरण चटकन जुळतं.

या नंबरांना नावांत बसवलं ते आल्फ्रेड स्टॉक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. त्यांची गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये.

१९१९ मध्ये स्टॉकनी सुचवलं की ती शेपटं सोडून द्या आणि धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहा. फेरस-फेरिक नको, आयर्न टू आणि आयर्न थ्री. इतकी साधी गोष्ट, पण आंतरराष्ट्रीय नियमांत ती यायला १९४० साल उजाडलं. आज भाचीच्या पुस्तकात तेच अंक आहेत.

स्टॉक यांचं मुख्य काम बोरॉन आणि सिलिकॉन यांची हायड्रोजनबरोबरची संयुगं करण्याचं. ही मंडळी हवा लागताच पेट घेणारी. म्हणून सगळं काम काचेच्या बंद नळ्यांत, हवा काढून, आणि नळ्यांच्या झडपा व पंप पाऱ्याचे. वर्षानुवर्षं ते उघड्या पाऱ्याच्या सहवासात काम करत राहिले. डोकं दुखायचं, चक्कर यायची, नाक-घसा कायम धरलेला. मग स्मरणशक्ती गेली. माणसांची नावं आठवेनात. टेलिफोनपर्यंत जाईपर्यंत नंबर विसरायचा. हिशेब करणं जड जायला लागलं. १९२४ मध्ये कळलं की हे पाऱ्याच्या वाफेचं विष आहे. १९२६ मध्ये त्यांनी आपली सगळी लक्षणं उघडपणे छापली. एका नामवंत प्राध्यापकाने माझं डोकं चालत नव्हतं असं जगाला सांगायचं, हे सोपं नसणार. पण इतर प्रयोगशाळांतल्या लोकांनी वेळीच सावध व्हावं म्हणून त्यांनी ते केलं, आणि पुढे पाऱ्याचे सूक्ष्म अंश कसे मोजायचे यावर बरीच वर्षं काम केलं. १९४६ मध्ये ते गेले.

ज्या माणसाने नावांना नंबर दिले, त्याचीच नावं आणि नंबर पाऱ्याने पुसून टाकले.

आणि त्या पाऱ्याचा नंबर किती? शून्य! सुटं मूलद्रव्य, नियम पहिला. वहीच्या दृष्टीने त्या पाऱ्याने कुणाचं काही घेतलं नव्हतं, कुणाला काही दिलं नव्हतं.

पाऱ्याचे दुसरे दोन नंबर एक आणि दोन. एक नंबरवाला स्थिर नायट्राइट क्षार १८९६ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांना सापडला. पिवळे स्फटिक. भारतातल्या आधुनिक रसायन संशोधनाच्या इतिहासात त्याचं नाव नेहमी घेतलं जातं. क्लोराइडच्या बाबतीत एक नंबरचं कॅलोमेल एकेकाळी औषध म्हणून सर्रास देत असत, आणि दोन नंबरचं मर्क्युरिक क्लोराइड हे जहाल विष. एका अंकाचा फरक. पण म्हणून एक नंबर सुरक्षित म्हणावा तर तेही नाही. कॅलोमेल घातलेल्या दात येण्याच्या पावडरींनी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांतली कितीतरी बाळं आजारी पाडली. बरं, दोन नंबर म्हणजे सगळे सारखेच जहाल म्हणावेत, तर तांबडा हिंगूळही दोन नंबरचाच, पण तो पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

तीस वर्षं ताळेबंद लिहून मी एवढंच शिकलो आहे. जुळलेला ताळेबंद पाहून पैसा कुठून कुठे गेला ते कळतं. त्या घरात माणसं सुखाने जेवतात का, ते कळत नाही. म्हणून वही खोटी ठरत नाही. आपणच तिच्याकडून भलतं काही मागू नये. क्रोमियम तीन की सहा, हे कळणं तर जिवाचा प्रश्न असतो. तीन नंबरच्या क्षारांनी चामडं कमावतात, आणि सहा नंबरचा कर्करोग आणतो. तिथे वहीतला अंक बघावाच लागतो.

वहीचे नियमही मोडले गेले आहेत, आणि तेही मोठ्या थाटात. १९६२ मध्ये कॅनडात, व्हँकूव्हरला, नील बार्टलेट यांच्याकडे प्लॅटिनम आणि फ्लोरीनचं एक भयंकर हावरं संयुग होतं. त्याने साक्षात ऑक्सिजनच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतला! ज्याच्या नावाने ऑक्सिडेशन, त्याचंच ऑक्सिडेशन झालं. ऑक्सिजनचा नंबर अधिक अर्धा. बार्टलेटनी विचार केला की झेनॉनचा इलेक्ट्रॉन काढायलाही साधारण एवढाच जोर लागतो, मग त्याच्यावर का नको? आणि कुणाशीच संयोग न करणारा म्हणून पुस्तकांत छापलेला तो झेनॉन त्याच वर्षी २३ मार्चच्या संध्याकाळी संयुगात अडकला. २०१४ मध्ये तर इरिडियमचा अधिक नऊ नंबर नोंदला गेला. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने ऑक्सिडेशन नंबरची व्याख्या पुन्हा नव्याने मांडली. म्हणजे लाव्हाझिएंच्या मृत्यूनंतर सव्वादोनशे वर्षांनीही मोठमोठी माणसं बसून हेच ठरवत होती की बाबांनो, वही नेमकी कशी लिहायची.

आता आपला दगड. आठ भागिले तीन.

शनिवारी सकाळी मी भाचीला फोन लावला. म्हटलं, "अगं, एका घरात तीन भाऊ. मिळून आठ हजार रुपये आणतात. तिघांची सरासरी काढलीस तर दोन हजार सहाशे सहासष्ट. पण तेवढा पगार कुणालाच नाही. दोघं तीन-तीन हजार आणतात, एक दोन. बेरीज आठच."

"म्हणजे दोन लोखंड तीनवाले आणि एक दोनवाला?"

"हो. पण एवढ्यावर संपत नाही. त्या दगडात एक दोनवाला आणि एक तीनवाला लोखंड शेजारी अशा जागांवर असतात की त्यांच्यातला एक इलेक्ट्रॉन सारखा इकडून तिकडे उड्या मारतो. आत्ता दोनवाला कोण आणि तीनवाला कोण, हे नेहमीच्या तापमानाला बोट ठेवून सांगता येत नाही. खूप थंड केलं, उणे दीडशे अंशांच्या आसपास, की या उड्या थंडावतात. ते १९३९ मध्ये फर्वे नावाच्या डच शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि तेव्हा आतली मांडणी नेमकी कशी होते यावर पुढे सत्तर वर्षं लोक भांडत होते."

पलीकडे जरा शांतता.

"म्हणजे माझा प्रश्न बरोबर होता?"

"तुझा प्रश्न बरोबरच होता. तुझ्या आधी शहाण्यासुरत्या माणसांनी त्याच्यावर जन्म घालवलेत."

"मग ते का हसले?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "त्यांनाही कळलं नव्हतं म्हणून," असं सांगून वेळ मारून नेली. पण फोन ठेवल्यावर वाटलं, कदाचित तेच खरं असेल. वर्गात हसणाऱ्या कितीजणांच्या मनात तोच पावणेतीनचा काटा रुतला असेल आणि ते गप्प बसले असतील. माझ्या वर्गातही. त्यांना आणि मला तेव्हा कुणी एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरे होतं. पोरांनो, हे निसर्गाने लिहिलेलं नाही, हा आपण सोयीसाठी ठेवलेला हिशेब आहे. हिशेबात अपूर्णांक आला तर घाबरू नका, आत डोकावून बघा. मग मी केमिस्ट झालो असतो असं नाही. पण आपल्याला डोकं नाही हा समज तरी इतकी वर्षं बाळगला नसता.

रविवारी संध्याकाळी भाचीचा पुन्हा फोन. पेपर बरा गेला म्हणे. मॅग्नेटाइट आलं होतं. तिने उत्तर लिहिलं आठ भागिले तीन, आणि खाली आपणहून एक ओळ, की ही सरासरी आहे, दोन अणू तीनचे आणि एक दोनचा.

"त्याचे जादा मार्क मिळतील का रे?"

"ते तुझ्या सरांच्या वहीवर अवलंबून," म्हटलं.

असो. मार्क कळले की इथेच लिहीन. ताई, तू हे वाचत असशील तर तिला ओरडू नकोस. साडेदहा म्हणजे काही फार रात्र नाही.